सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी पप्पांची डायरी वाचा

घरचा छोटा ठेकेदारीचा धंदा आणि ‘तू शिकतोयस ना, मग बघ एखादं सॉफ्टवेअर’ ही अंगावर आलेली जबाबदारी. ती नीट पार पाडायची असेल तर सुरुवात गुगलपासून करू नका.

तुमच्या घरात कुणी फॅब्रिकेशनची कामं घेत असेल, वायरिंगचा ठेका घेत असेल, ठिबक बसवून देत असेल किंवा वॉटरप्रूफिंग करत असेल, तर हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असणार : ‘‘कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता ना तुम्हाले? मग धंद्यासाठी बघ ना एखादं सॉफ्टवेअर.’’ तुम्ही बी.कॉम.ला असा, बीसीएला असा, नाहीतर सिव्हिलच्या डिप्लोमाला. घरच्यांच्या लेखी तुम्ही ‘कॉम्प्युटरवाले’.

मग काय होतं? तुम्ही मोबाइल काढता. ‘ठेकेदारांसाठी दहा बेस्ट सॉफ्टवेअर’ असा एखादा व्हिडिओ बघता. दोन-तीन ठिकाणी ‘फ्री डेमो’साठी नंबर टाकता आणि पुढचे पंधरा दिवस फोन थांबत नाहीत. डेमोत सगळं चकाचक दिसतं. रंगीत ग्राफ, एका क्लिकवर बिल, मोबाइलवर नफा. वर्षाचे पैसे भरले जातात. तिसऱ्या महिन्यात त्या आयकॉनवर कुणी बोटही ठेवत नाही आणि पप्पा परत खिशातल्या डायरीवर येतात. वर घरात एक वाक्य कायमचं होऊन बसतं : ‘‘ते कॉम्प्युटरचं आपल्या धंद्यात नाही चालत भो.’’

चालतं. फक्त ‘कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा : आपल्या घरचं काम नेमकं चालतं कसं? तो सुटला नाही तर कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, फसणारच. आणि त्याचं उत्तर यूट्यूबवर नाही. ते पप्पांच्या त्या तेलकट डायरीत आहे.

एका शेडची गोष्ट

यावल तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. चोपड्याहून यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना केळी. केळी म्हटली की पॅकिंगसाठी शेड लागतं, माल ठेवायला शेड लागतं, गुरांना लागतं, ट्रॅक्टरला लागतं. म्हणजे पत्र्याच्या शेडचं काम करणाऱ्याला इथे काम कमी नाही. तरी वर्षअखेरीस बरेच जण म्हणतात, ‘‘कामं खूप केली, पैसा कुठे गेला समजत नाही.’’

आपण समजूत म्हणून एक शेड उभं करू. आकडे काल्पनिक आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

लोखंडी सांगाड्याचं काम, वजन साडेचार हजार किलो, ठरलेला दर किलोला ९५ रुपये. म्हणजे बिल ४,२७,५०० रुपये. कोटेशन देताना डोक्यातला हिशेब असा : लोखंड ६० रुपये, मजुरी १६, आणि वेल्डिंग रॉड, गॅस, रंग, क्रेन, गाडीभाडं मिळून ९. एकूण ८५. किलोमागे दहा रुपये सुटतात, म्हणजे ४५ हजार नफा. बरं काम आहे.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघा. कोटेशन दिलं आणि माल उचलला यात महिना गेला, लोखंड किलोला चार रुपयांनी चढलं. १८,००० गेले. बिल तयार सांगाड्याच्या वजनावर होतं, पण कापाकापीत तीन टक्के माल वाया गेला. ते १३५ किलो, ६४ रुपयांनी ८,६४० रुपये (भंगारात विकून थोडे परत येतील, ते सध्या सोडून देऊ). आणि काम चालू असताना शेतमालक म्हणाले, ‘‘तेवढं एक गेट करून टाका, अन् या बाजूने पन्हळ लावून द्या.’’ ते करून दिलं. १२,००० रुपये खर्च आला. बिलात लिहायचं राहून गेलं.

बेरीज करा : ३८,६४० रुपये. पंचेचाळीस हजारांतून उरले ६,३६०. त्यात मालकाने ‘पावसाळ्यात गळतं का ते बघू’ म्हणून पाच टक्के मागे ठेवले, म्हणजे २१,३७५ रुपये. या कामातला सगळा नफा अजून दुसऱ्याच्याच खिशात आहे.

यात कुणी फसवलेलं नाही. चोरी नाही, आळस नाही. तीन छोट्या गोष्टी वेळेवर कुठेही लिहिल्या गेल्या नाहीत, एवढंच. अशी वर्षाला दहा शेडं केली तर ‘पैसा कुठे गेला’ याचं उत्तर मिळतं. तुमची कॉलेजची फी, बहिणीचं हॉस्टेल, जुन्या गाडीचा हप्ता हे सगळं त्याच पैशांतून जातं. म्हणून हा विषय फक्त पप्पांचा नाही.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वेगळं, कामाचं वेगळं

बहुतेक जण इथे पहिली गल्लत करतात. ‘आमच्याकडे टॅली आहे की’ असं म्हणतात. टॅली असते ती सीएकडे नाहीतर अकाउंटंटकडे, आणि तिथे वर्षाची एकूण खरेदी, एकूण विक्री, जीएसटी एवढंच जातं. त्यातून वर्षाचा नफा कळतो. पण कोणत्या शेडात कमावलं आणि कोणत्या शेडात गमावलं हे कळत नाही.

तसं टॅलीमध्ये कामानुसार खर्च दाखवायची सोय आहे, तिला ‘कॉस्ट सेंटर’ म्हणतात. इतर अनेक हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती ‘प्रोजेक्ट’ नावाने असते. पण ती आपोआप चालत नाही. सोय सुरू करावी लागते आणि प्रत्येक खरेदीला, प्रत्येक मजुरीला ‘हे कुठल्या कामाचं’ ते लिहावं लागतं. अकाउंटंटकडे महिन्याच्या शेवटी पिशवीभर पावत्या गेल्या, तर त्याला कसं कळणार की हे वेल्डिंग रॉडचं पाकीट साकळीच्या शेडचं होतं की किनगावच्या?

म्हणजे बाजारात ढोबळमानाने चार प्रकार आहेत. एक, एक्सेल किंवा गुगल शीट. फुकटात सुरू होतं, पण शिस्त तुमची. दोन, बिल आणि उधारीची मोबाइल ॲप्स. दुकानदारासाठी उत्तम, कारण तिथे माल दिला की व्यवहार संपतो. ठेकेदाराचा व्यवहार तिथे सुरू होतो. तीन, टॅली, झोहो बुक्ससारखी हिशेबाची सॉफ्टवेअर. चार, अंदाजपत्रकापासून साइटच्या हजेरीपर्यंत सगळं एकत्र ठेवणारी मोठी व्यवस्था, जिला ईआरपी म्हणतात. चौथा प्रकार सगळ्यात भारी वाटतो, आणि सहा माणसांच्या धंद्यात सगळ्यात लवकर बंद पडतो, कारण तो भरायलाच एक माणूस लागतो.

दोन्ही घरातूनच निघालेली

एक गंमत सांगते. आज देशभर ज्याच्या नावाने कॉम्प्युटरवरचा हिशेब ओळखला जातो ती टॅली एका घरातल्या अशाच गरजेतून आली. श्यामसुंदर गोएंका यांचा कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. त्यांना आपल्या धंद्याला जमेल असं हिशेबाचं सॉफ्टवेअर सापडेना. त्यांनी मुलाला, गणिताचा पदवीधर असलेल्या भरत गोएंका यांना, ते तयार करायला सांगितलं. १९८६ मध्ये त्यांची कंपनी सुरू झाली. तेव्हा तिचं नाव प्युट्रॉनिक्स होतं.

दुसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. रुषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. तिथे हवं तसं चालेल असं ईआरपी हाती लागेना, तेव्हा त्यांनी स्वतः प्रोग्रॅमिंग शिकून ते बनवायला घेतलं. त्यातून ‘ईआरपीनेक्स्ट’ उभं राहिलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता आणि वापरता येतो. बीसीए, एमसीएवाल्यांनी ते लॅपटॉपवर टाकून जरूर बघावं.

तुम्हीही सॉफ्टवेअर बनवा, असं मी म्हणत नाही. दोघांनाही आधी घरचा धंदा आतून माहीत होता, कोड नंतर आला, एवढंच लक्षात घ्या. निवड करायला कोड लिहिता यायची गरज नाही, पण धंदा आतून माहीत असण्याची गरज तेवढीच आहे.

डेमोत त्यांचं बिल नको, आपलं द्या

आता कामाला लागू. पप्पांच्या डायरीतून मागच्या वर्षातलं सगळ्यात किचकट काम शोधा. साधं सरळ काम नको. ज्यात भांडण झालं, ज्याचं बिल तीनदा बदललं, ज्याचे पैसे अजून यायचे आहेत, ते काम. पहिल्या फोनपासून शेवटच्या पैशांपर्यंत काय काय घडलं ते एका कागदावर क्रमाने लिहा. पप्पांना विचारा, मिस्त्रींना विचारा, आणि घरी वही आई ठेवत असेल तर तिला सगळ्यात आधी विचारा. अनेक घरांत उधारीचा खरा हिशेब तिच्याच डोक्यात असतो.

मग डेमोवाल्याला सांगा : ‘‘तुमचं सॅम्पल नको, हे बिल भरून दाखवा.’’ आणि पुढच्या गोष्टी बघा.

पहिली, चालू बिल. मोठ्या कामात पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात. प्रत्येक बिलात आजपर्यंतचं एकूण काम, त्यातून मागच्या बिलापर्यंतचं वजा, उरलं ते या वेळचं, असा हिशेब असतो. याला आरए बिल म्हणतात. दुकानदारीच्या ॲपला हे माहीतच नसतं. त्याच्यासाठी प्रत्येक बिल नवं. तिसऱ्या बिलाला कोणत्या मालाचे किती पैसे आधीच घेतलेत हे तुम्हालाच शोधत बसावं लागतं.

दुसरी, मापं. आपल्याकडे शेड फुटात बोलतात, लोखंड किलोत घेतात, पत्रा रनिंग फुटात, आणि सरकारी कागदावर सगळं मीटरमध्ये. एकाच वस्तूची खरेदी एका मापात आणि बिल दुसऱ्या मापात करता येतं का? सिव्हिलवाल्यांना सळईचं वजन काढायचं सूत्र पाठ असतं : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते निघतं. सॉफ्टवेअरला असं एखादं सूत्र शिकवता येतं का, की प्रत्येक वेळी कॅल्क्युलेटरवर करून आकडा टाकायचा?

तिसरी, वाढीव काम. त्या गेटचं आणि पन्हळीचं काय? साइटवर उभं राहून, दोन मिनिटांत, मोबाइलवरून ‘वाढीव’ म्हणून नोंद करून मालकाला मेसेज जातो का? आणि इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. गावातला माणूस, भाऊबंदकी, पुढच्या वर्षीचं काम, अशा शंभर कारणांनी पप्पा काही कामाचे पैसे मागत नाहीत. सॉफ्टवेअर काही त्यांच्या वतीने मागायला जाणार नाही. पण सोडून दिलेलं कामही लिहा, दर शून्य टाकून लिहा. वर्षअखेरीस ‘यंदा आपण एवढ्याचं काम असंच दिलं’ हा आकडा समोर आला की पुढच्या वेळी काय सोडायचं आणि काय नाही, हे त्यांचं ते ठरवतील. मोठं मन दाखवणं वेगळं आणि विसरून जाणं वेगळं.

चौथी, पैसे कधी येणार. सॉफ्टवेअर म्हणतं तीस दिवसांत. आपल्याकडचा शेतकरी म्हणतो, ‘‘केळी कटल्यावर.’’ आणि मे-जूनमध्ये वादळ आलं की उभ्या बागा आडव्या होतात, केळीचा भाव पडला तर आणखी थांबावं लागतं. तारखेऐवजी टप्पा टाकता येतो का, एकाच कामाचे पैसे चार वेगवेगळ्या वेळी येतील असं लिहिता येतं का, हे बघा. नाहीतर पंधरा दिवसांनी तुमचं ॲप एखाद्या भल्या माणसाला ‘थकबाकी’चे लाल मेसेज पाठवायला लागेल आणि फोन पप्पांना येईल.

सरकारी काम असेल तर

सरकारी शाळेचं शेड, ग्रामपंचायतीचं विजेचं काम, असं काही घेत असाल तर हिशेबाला आणखी पदर येतात. समजा कामाची रक्कम चार लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७२,००० रुपये. बिल झालं ४,७२,००० रुपयांचं. हातात किती येतील?

ठेकेदार एकट्याच्या नावावर धंदा करत असेल तर १ टक्का आयकराचा टीडीएस, ४,००० रुपये. करार अडीच लाखांच्या वर असल्याने जीएसटीचा २ टक्के टीडीएस, ८,००० रुपये. सुरक्षा अनामत पाच टक्के धरली तर २०,००० रुपये. म्हणजे खात्यात आले ४,४०,०००. उरलेले ३२,००० बुडालेले नाहीत, पण ते तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. चार हजार आयकर विवरणपत्र भरताना वळते होतील. आठ हजार जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात दिसतील. आणि वीस हजार दोषदायित्व कालावधी संपल्यावर मागायचे आहेत. मागायचे आहेत, आपोआप येणार नाहीत. एक-दोन वर्षांनी ती तारीख कोण लक्षात ठेवणार? हे तीन आकडे तीन वेगळ्या खात्यांत दाखवून तिसऱ्याची आठवण जे करून देईल, ते सॉफ्टवेअर पहिल्याच वर्षी आपली किंमत वसूल करतं.

आणि एक लक्षात घ्या. महाटेंडर्सवर ऑनलाइन निविदा भरताना दरपत्रकाची एक्सेल फाइल तिथूनच उतरवून घ्यायची, ठरावीक रकान्यांतच दर भरायचे आणि तीच फाइल परत चढवायची असते. त्यामुळे कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी घरात एकाला एक्सेल नीट यायलाच हवं.

फ्लोरिडातली एक ओळ

‘मग एक्सेलच पुरे की!’ बऱ्याच घरांसाठी खरंच पुरे. सहा माणसांचा धंदा, वर्षाला दहा-पंधरा कामं, तर एका नीट आखलेल्या शीटपासून सुरुवात करणं हाच शहाणपणा. पण डोळे उघडे ठेवून.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जेम्स ए. कमिंग्ज या बांधकाम कंपनीने एका कामाचा दर लोटस कंपनीच्या स्प्रेडशीटवर काढला. शेवटी एक ओळ मध्ये घातली, त्यात २ लाख ५४ हजार डॉलरचा खर्च होता. बेरजेच्या सूत्राने ती ओळ धरलीच नाही. दर कमी गेला, काम मिळालं आणि तोटा अंगावर आला. कंपनीने लोटसवर खटला भरला, नंतर तो मागे घेतला. कॉम्प्युटरने बेरीज बरोबरच केली होती. सांगितलेल्या ओळींची.

एक्सेल वापरणाऱ्या प्रत्येकाने आजही ही चूक होऊ शकते हे लक्षात ठेवावं. उपाय साधा आहे. कोटेशन देण्यापूर्वी एकूण रक्कम दुसऱ्या पद्धतीने पडताळा : एकूण किलो गुणिले दर, नाहीतर एकूण चौरस फूट गुणिले मागच्या शेडचा दर. दोन्ही आकडे आसपास नसतील तर थांबा. पप्पा फाइलकडे न बघता ‘‘एवढ्यात नाही होत’’ म्हणतात ना, ती याच प्रकारची पडताळणी असते. वीस वर्षांची.

बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे?

डेमोत सगळे ‘आत कसं यायचं’ दाखवतात. तुम्ही बाहेर कसं पडायचं ते विचारा. उद्या वर्गणी भरली नाही, कंपनी बंद पडली किंवा दुसरं काही घ्यावंसं वाटलं, तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? ‘येतो’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘आत्ता काढून दाखवा’ म्हणा. कारण जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. सहा वर्षं! तोपर्यंत ते ॲप राहील का, कुणी सांगावं?

मराठीचंही विचारा. जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेली ग्राहकांची नावं नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की भलतीच अक्षरं उमटतात. मिस्त्रींना मराठीत किंवा हिंदीत लिहायचं असेल तर युनिकोड चालतं का, बिल मराठीत निघतं का, ते बघा. आणि नेट नसताना काय होतं? सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या शेतात मोबाइलची रेंज गेली तर नोंद फोनमध्ये राहून नंतर वर जाते की पुसली जाते? फोन विमान मोडवर टाकून डेमोवाल्यासमोरच करून बघा. फार मजा येते.

राहिला ‘क्रॅक’ केलेल्या फुकट कॉपीचा मोह. एका पेनड्राइव्हवर सगळं मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बेकायदा आहे हे तर आहेच, पण त्यासोबत कुठला व्हायरस येईल याचा भरवसा नाही, आणि सहा वर्षांचा हिशेब एका दुपारी कुलूपबंद झाला तर तक्रार घेऊन जायला तोंडही नाही. पैसे नसतील तर सरळ गुगल शीट वापरा.

भरणार कोण?

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी. सॉफ्टवेअर बंद पडायचं सगळ्यात मोठं कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअर नसतंच. ते भरणारा माणूस ठरलेला नसतो. दिवसभर उन्हात उभे राहून रात्री नऊला घरी आलेले पप्पा जेवल्यावर चष्मा लावून वीस रकाने भरतील, ही अपेक्षा चार दिवस टिकते.

म्हणून काम वाटून घ्या. मिस्त्रींनी फक्त दोनच गोष्टी करायच्या : हजेरी आणि आलेल्या मालाचा फोटो, तोही व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल. आईने किंवा जो कुणी वही ठेवतो त्याने आलेले-गेलेले पैसे टाकायचे, जसे वहीत टाकते तसेच. तिच्या वहीतले रकाने आणि स्क्रीनवरचे रकाने जितके सारखे, तितकं हे टिकेल. तुम्ही आठवड्यातून एकदा, रविवारी, बसून खर्च कामानुसार लावायचा. पप्पांनी काहीच भरायचं नाही. त्यांना दर सोमवारी एका पानावर तीनच आकडे द्यायचे : चालू प्रत्येक कामात आतापर्यंत किती खर्च झाला, किती पैसे आले, किती यायचे आहेत. ते पान त्यांनी स्वतःहून मागितलं, की समजा जमलं.

आणि कोण काय बघू शकतं हेही आधीच ठरवा. मिस्त्रींना मजुरी दिसावी, नफा दिसायची गरज नाही. तुमचे दर ज्या फोनमध्ये आहेत तो हरवला तर लॉगिन दुसरीकडून बंद करता यायला हवं.

चौकट : विक्रेत्याला हे सात प्रश्न विचारा

१. आमचं मागच्या वर्षीचं सगळ्यात अवघड बिल आत्ता भरून दाखवाल का?
२. एकाच कामाचं तिसरं चालू बिल मागची दोन वजा करून निघतं का?
३. किलो, फूट, मीटर एकाच बिलात चालतात का?
४. टीडीएस, अनामत आणि मागे ठेवलेले पैसे वेगवेगळे दिसतात का? परत मिळायच्या तारखेची आठवण येते का?
५. नेट नसताना केलेली नोंद राहते का?
६. सगळा डेटा एक्सेलमध्ये आत्ता काढून दाखवाल का? आमच्या सीएंना तो जसाच्या तसा घेता येईल का?
७. पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी एकूण किती पैसे? त्यात जीएसटी, शिकवणं, जादा युजर आणि नूतनीकरण धरलं आहे का? अडचण आली तर फोन मराठीत किंवा हिंदीत कोण उचलणार?

सातपैकी पाचांची उत्तरं ‘करून दाखवली’ असतील तर पुढे बोला. ‘पुढच्या अपडेटमध्ये येतंय’ हे उत्तर ‘नाही’मध्ये धरा.

आधी एक महिना, एक काम

सगळे धंदे एकदम कॉम्प्युटरवर आणू नका. एकच चालू काम निवडा. महिनाभर ते डायरीतही लिहा आणि नव्या ठिकाणीही. महिन्याच्या शेवटी दोन्ही बेरजा जुळवा. जुळल्या नाहीत तर घाबरू नका, कुठे जुळल्या नाहीत तिथेच खरी माहिती आहे. जुळायला लागल्या, की १ एप्रिलपासून, नव्या आर्थिक वर्षाला, सगळी कामं त्यात घ्या. वर्षाच्या मध्येच उडी मारली तर सीए आणि तुम्ही, दोघंही वैतागाल.

या सगळ्यात तुम्हाला काय मिळेल? सांगते. हिशेबाचं सॉफ्टवेअर येणारी मुलं बरीच आहेत, साइटवरचं काम कळणारीही बरीच आहेत. दोन्ही कळणारी कमी आहेत. जळगाव-भुसावळला नोकरीसाठी मुलाखतीला गेलात आणि ‘मी आमच्या धंद्याच्या बारा कामांचा खर्च वेगवेगळा काढला, तीन कामांत तोटा का झाला ते दाखवलं’ असं सांगता आलं, तर ते कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जड आहे.

तर येत्या रविवारी एवढंच करा. पप्पांना चहा द्या, ती डायरी मागून घ्या आणि विचारा, ‘‘मागच्या वर्षी सगळ्यात जास्त त्रास कोणत्या कामाने दिला?’’ ते सांगत राहतील, तुम्ही लिहीत राहा. मध्ये अजिबात ‘यासाठी एक ॲप आहे’ असं म्हणू नका.